स्वेच्छेने

सरकारी वकिलाच्या गळ्याभोवती तिने कापड गुंडाळलं आणि मागची गाठ गरजेपेक्षा जरा जास्तच आवळली.

"घट्ट होतंय का?"

"थोडंसं," वकील म्हणाला.

"होईल सवय," ती म्हणाली आणि फवारा मारून त्याचे केस ओले करायला लागली.

तो केस कापून घ्यायला आलेला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. राजधानीहून सकाळच्या गाडीने उतरून तो थेट दुकानात आला होता आणि दारातूनच म्हणाला होता, "बाई, पाच मिनिटं बोलायचं होतं." त्यावर तिने त्याला सांगितलं, की दुकानाच्या वेळेत इथे फक्त गिऱ्हाईकं बोलतात, बाकीच्यांनी बाहेर ताटकळायचं. तेव्हा तो बॅग बाकावर ठेवून मुकाट्याने खुर्चीत बसला. आता आरशात त्याचं मुंडकं कापडावर नुसतं ठेवल्यासारखं दिसत होतं आणि ते बघून तिचं डोकं आणखीच तापत होतं. माणूस दिसायला दुष्ट असता तर तिला सोपं गेलं असतं. पण हा सभ्य, जागरणाने डोळे चुरचुरणारा, घरी लेकरंबाळं असलेला माणूस दिसत होता.

"आजची सभा तुमच्यामुळेच बोलावलीय," तो म्हणाला. "म्हणजे, तुमच्याशिवाय ती होऊच शकत नाही."

"माहितीय."

गावात सगळ्यांनाच माहीत होतं. गावाच्या अंगाला परदेशी कंपनीची भट्टी होती. साऱ्या जगाच्या मेलेल्या बॅटऱ्या जहाजांतून यायच्या, इथे फुटायच्या, इथे वितळायच्या आणि त्यांतलं शिसं विटा होऊन पुन्हा जहाजात चढायचं. धूर तेवढा इथेच राहायचा, तो न्यायला कुठलंच जहाज येत नव्हतं. भट्टीकडच्या वस्तीतल्या बायकापोरांचे केस धुतले की बेसिनच्या जाळीत राखाडी कीट साचतं, हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं. मग ती डॉक्टरांच्या मागे लागली, पोरांची रक्तं तपासली गेली आणि गाव हादरलं. पुढच्या निवडणुकीत लोकांनी तिलाच नगरपालिकेत पाठवलं. पहिल्याच सभेत तिने त्या गाळाची बरणी टेबलावर आदळली आणि ठराव मांडला, की धुराडं दुरुस्त होऊन भट्टीतून निघालेल्या धातुमळीचा डोंगर उचलला जाईपर्यंत भट्टी बंद. ठराव एकमताने पास झाला. जिभेमुळे गाव तिला पाठीमागे 'कात्री' म्हणायचं, ते त्या दिवसापासून तोंडावर म्हणायला लागलं.

"कंपनीने दावा लावलाय," वकील म्हणाला. "आपल्या सरकारवर."

"लावू दे. कोर्टात येऊन साक्ष देते मी."

"आपल्या कोर्टात नाही."

तिच्या हातातली कात्री थांबली.

"मग कुठे?"

"लवाद आहे. तिसऱ्याच देशात. तिघं जण बसतात. एक त्यांनी निवडलेला, एक आपण निवडलेला, एक दोघांनी मिळून."

"बसतात कुठे हे तिघं?"

"हॉटेलात." तो जरा ओशाळला. "म्हणजे, हॉटेलातलं सभागृह भाड्याने घेतात."

"आणि कंपनीचं म्हणणं काय? पोरं आजारी नाहीत म्हणतात?"

"नाही, तसं नाही म्हणत. पोरांचा विषय तिथे येतच नाही. भट्टी चालू राहिली असती तर पुढे जो नफा झाला असता, तो सरकारने बुडवला, असं म्हणणं आहे. त्यांच्या देशाचा आणि आपला तसा करार आहे."

"कुणी केला करार?"

"जुना आहे. तुम्ही तेव्हा शाळेत असाल."

"म्हणजे मला विचारायचं राहून गेलं."

वकील हसला. ती हसली नाही, त्यामुळे त्याचं हसू आरशात एकटंच राहिलं आणि मग तेही ओसरलं.

"मी जाते त्या हॉटेलात," ती म्हणाली. "त्या तिघांना म्हणावं, या बाईचं पाच मिनिटं ऐका."

"नाही येता येणार. बंद दाराआड चालतं ते. आणि तुम्ही पक्षकार नाही."

"ठराव माझा!"

"ठराव तुमचा आहे. खटला तुमचा नाही. गाव पक्षकार नाही, नगरपालिका पक्षकार नाही. फक्त कंपनी आणि सरकार."

तिच्या मस्तकात तिडीक गेली. घराघरांत फिरून मतं मागताना पायांना फोड आले होते. ठराव पास झाला तेव्हा बायका भर रस्त्यात गळ्यात गळे घालून रडल्या होत्या. ते सगळं लोकांनी खरं मानलं होतं, आणि ते खरं की खोटं हे ठरवायला कुठेतरी परमुलखात, सोफ्यांच्या आणि कुंड्यांच्या मधोमध, तीन अनोळखी माणसं बसणार होती. त्यांपैकी एकाच्याही नाकात कधी तो धूर गेला नव्हता. तिने दातओठ खात वकिलाची मान पुढे वाकवली.

"सरकार लढणार नाही?"

"लढून हरलो, तर आकडा फार मोठा आहे, बाई. ऐकलात तर हातातली कात्री खाली ठेवाल."

"मी ती खाली ठेवावी असं तुम्हाला आत्ता वाटायलाच हवं."

कापडाखाली त्याचे हात हलले आणि मांडीवर गप्प झाले.

"तडजोड झालीय," तो खाली मान घालूनच म्हणाला. "गावाने ठराव स्वेच्छेने मागे घेतला, तर कंपनी दावा सोडून देते. भट्टी पुन्हा सुरू."

"धुराडं?"

"ते त्यांच्या सवडीने."

"स्वेच्छेने!"

"तो शब्द त्यांना हवाय. खरं सांगायचं तर आपल्यालाही."

"सरकारला भट्टी उघडायची असेल तर सरकारने उघडावी. आमची नगरपालिका बरखास्त करा, पोलीस आणा, कुलूप तोडा. आहे हिंमत?"

"पुढच्या वर्षी निवडणुका आहेत," वकील म्हणाला.

एवढं सांगायला माणूस राजधानीहून इथवर आला होता. ज्याने ठराव मांडला त्यानेच तो मागे घ्यायचा, असा या नगरपालिकेचा जुना नियम होता. तिच्याखेरीज त्या ठरावाला कुणालाच हात लावता येत नव्हता, आणि सरकारला तर स्वतःचा हात दिसायलाच नको होता.

याला केस वेडेवाकडे कापून पाठवावं, असं तिच्या मनात केव्हाचं आलं होतं. एक बाजू तोकडी, एक लांब, मागे जिना. लोकांनी बघून हसावं. पण हात ऐकेना. कंगवा आपला सरळ चालत होता, कात्री त्याच्यामागून सरळ जात होती, कानामागची रेघ अशी आली होती की लग्नाला उभं राहावं. तिला स्वतःच्याच हाताचा संताप आला. एवढ्या वर्षांच्या सवयीने तो गुलाम झाला होता आणि शत्रूचंही डोकं नीटच करत होता.

कापड झटकल्यावर वकिलाने बॅगेतून एक कागद काढला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवला. "एवढंच वाचायचंय. चार ओळी आहेत." मग त्याने खिशात हात घातला.

"राहू द्या," ती म्हणाली. "सरकारकडे आधीच कमी आहेत म्हणता."

त्या आठवड्यात नगरसेवकांचे केस भलतेच भराभर वाढले होते. एकेक करून सगळे तिच्या खुर्चीत बसून गेले होते. औषधांच्या दुकानाचा मालक आला, तो दाढी करून घेता घेता म्हणाला, "मी तुझ्याच बाजूचा आहे, पण लोक काय काय बोलतायत." चष्मेवाला आला, त्यालाही लोकच काय काय बोलताना ऐकू आले होते. रस्त्यांचा ठेकेदार आला आणि गाव कसं ओस पडत चाललंय ते सांगून गेला. निवृत्त मास्तरांना डोक्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तेही आले. "बाई, तत्त्व तुमचं बरोबरच आहे," ते म्हणाले, "पण कधीकधी दोन पावलं मागे घेण्यातच शहाणपण असतं. तुम्ही घेतलीत तर आम्ही सगळे तुमच्या पाठीशी उभे राहू." ठराव मागे घे, असं कुणीच म्हणालं नव्हतं. सगळे म्हणाले होते, लोक म्हणतायत.

आणि आज दुपारी, दुकान जरा रिकामं झाल्यावर, तिची भावजय आपल्या लहानग्या ठकूचा हात धरून आत आली.

धाकटा भाऊ भट्टीवर होता. वितळलेल्या शिशाच्या कढईवर त्याची पाळी असायची. भट्टी बंद झाल्यापासून तो घरी होता आणि बहिणीशी बोलत नव्हता. समोरून ती येताना दिसली की रस्ता ओलांडून पलीकडे जायचा. लहानपणी हिच्या पाठीवर बसून सगळं गाव फिरलेला भाऊ तो. वस्तीत सगळ्यात जास्त शिसं सापडलं ते त्याच्याच मुलीच्या रक्तात. कढईवरचे कपडे घालून तो घरी यायचा आणि ती धावत जाऊन त्याच्या पायांना मिठी मारायची, हे डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांना आठवलं. त्या दिवसापासून तो बहिणीवर जास्त चिडला होता की स्वतःवर, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

"आत्या," ठकू उंच खुर्चीत चढून बसली. "मला ते दे ना."

"काय गं?"

"ते." तिने बोट दाखवलं. "ते, केसांचं. ते..."

फळीवर कंगवा होता. ठकूचे ओठ हलत होते, शब्द शोधत होते. गेल्या वर्षी याच खुर्चीत बसून ती गाणी म्हणत होती. आत्याने मदत केली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थांबा, तिचं तिला सापडू द्या. ती थांबली आणि थांबता थांबता तिने खुर्चीची पाठ घट्ट धरून ठेवली.

"जाऊ दे," ठकू म्हणाली आणि आरशातल्या स्वतःला जीभ दाखवून मोकळी झाली.

आत्याने तिच्या बटा कापल्या. मग मुलीला बाकावर बसवून भावजय खुर्चीपाशी आली.

"ताई, एक मागू?"

"माग की."

"तो ठराव काढून घ्या."

केरसुणी तिच्या हातातच राहिली.

"तू म्हणतेस हे? तू?"

"कंपनीचा दवाखाना बंद झाला. हिच्या रक्तातलं शिसं काढायचं सलाईन तिथे मिळायचं. सरकारी दवाखान्यात गेलं की म्हणतात, मागवलंय."

"आणि भट्टी उघडली की तो दवाखाना उघडतील?"

"तसं म्हणालेत."

"विष त्यांनीच पाजायचं आणि औषधही त्यांच्याच हातचं घ्यायचं! ऐकतेयस का तू काय बोलतेयस ते?"

"ऐकतेय," भावजय म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "आई आहे मी तिची. आणि तुमचे भाऊ दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलले तर एकच बोलतात, ताईला एकदा तरी विचारलंस का? म्हणून विचारायला आले."

ठकूने बाकावरून पाय हलवत विचारलं, "आत्या रागावली?"

"नाही गं राणी," ती म्हणाली, "तुझ्यावर नाही." ती सगळ्यांवर रागावली होती. त्या तिघांवर, वकिलावर, जुन्या करारावर सही करून केव्हाच मरून गेलेल्या कुणा मंत्र्यावर, आणि समोर उभ्या असलेल्या या बाईवर, जिच्यावर रागावण्याचा तिला काडीचाही हक्क नव्हता. सरकारला नाही म्हणणं सोपं होतं. नगरसेवकांना तर ती आठवडाभर हसत हसत नाही म्हणत आली होती. हिला नाही म्हणायला तिच्यापाशी तोंड नव्हतं. दोघी गेल्यावर तिने फळीवरचा कागद उचलला, उभ्या उभ्या वाचला आणि दुकानाचा पडदा ओढून घेतला.

सभागृहाचा सज्जा संध्याकाळी गच्च भरला होता. खाली लांब टेबलाभोवती नगरसेवक बसले होते, मधल्या उंच खुर्चीत लाकडाच्या वखारीचे मालक असलेले नगराध्यक्ष. सरकारी वकील दाराजवळच्या पाहुण्यांच्या खुर्चीत होता. तिने एकदाच वर पाहिलं. पहिल्या रांगेत भावजय होती, मांडीवर ठकू. मागे खांबाला टेकून तिचा भाऊ उभा होता. इतक्या महिन्यांनी त्याने तिच्याकडे सरळ पाहिलं.

नाव पुकारल्यावर ती उठली. तिने कागदाची घडी उलगडली.

"भट्टी बंद ठेवण्याबाबत मी मांडलेला ठराव," तिने वाचलं, "गावाचं व्यापक हित लक्षात घेऊन, कुणाच्याही दबावाशिवाय..."

सज्ज्यातून कुणीतरी "थूः" केलं. "विकली गेली!" दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला. तिच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

"स्वेच्छेने," ती म्हणाली, "मागे घेत आहे."

ती बसली. टेबलाभोवतीच्या माणसांचे खांदे एकदम सैल झाले. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. मास्तरांनी तिच्याकडे बघून हळूच मान डोलावली, वर्गातल्या द्वाड पोराला अखेर गणित सुटल्यावर डोलवावी तशी.

"ठीक," नगराध्यक्ष घसा खाकरून म्हणाले. "अनुमोदन कोण देतंय?"

ठराव मांडायला असो की मागे घ्यायला, कुणाचं तरी अनुमोदन लागत होतं. त्यानंतर मग मतदान. मतदानाचं कुणाला काही वाटलं नसतं. सगळे हात एकदम वर जातात, त्यात कुणाचा कुठला ते कुणाला कळत नाही. पण अनुमोदन देणाऱ्याने या सभागृहात एकट्याने उठायचं, सज्ज्याकडे तोंड करायचं आणि आपलं नाव मोठ्याने सांगायचं. तशी इथली पद्धतच होती.

कुणी उठलं नाही.

"अनुमोदन?" नगराध्यक्षांनी पुन्हा विचारलं. त्यांनी औषधवाल्याकडे पाहिलं. औषधवाल्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदार बुटाची नाडी बांधायला वाकला, तो वाकलेलाच राहिला. मास्तरांना समोरच्या पेल्यातल्या पाण्यात काहीतरी दिसत होतं. दाराजवळ वकील अर्धवट उठला आणि आपण इथले कुणीच नाही हे आठवून खाली बसला.

"अहो, द्या की कुणीतरी," नगराध्यक्ष काकुळतीला आले. अध्यक्षाला अनुमोदन देता येत नसे, आणि आज त्यांना त्याचं मनापासून बरं वाटलं असावं.

ती ताडकन उठली.

"उठा ना!" ती ओरडली. "आठवडाभर माझ्या खुर्चीत बसून काय बडबडत होता? पाठीशी उभे राहणार होता ना? मग राहा उभे! एकाने राहा! मी वाचलं ते, सगळ्यांच्या देखत वाचलं, शिव्या खाल्ल्या. आता तुमची जीभ का टाळ्याला चिकटली?"

"बाई, खाली बसा," नगराध्यक्ष म्हणाले. त्यांनी शेवटचं विचारलं, थोडं थांबले आणि मग टेबलावर हातोडी आपटली. अनुमोदनाअभावी ठराव मागे घेण्याची सूचना बारगळली. ठराव होता तसा कायम.

सज्ज्यात एकच जल्लोष उसळला. लोक बाकांवर चढले, शिट्ट्या झाल्या, मघाशी थुंकलेला माणूस सगळ्यांत मोठ्याने "कात्री! कात्री!" ओरडत होता. तिच्या पाठीवर थापा पडल्या, कुणी तिचे हात हातात घेऊन दाबले. औषधवाला गर्दीतून वाट काढत आला, त्याचा चेहरा फुलला होता.

"काय चाल खेळलीस गं! मी म्हणतच होतो, ही मागे हटायची नाही."

तिने त्याची कॉलर धरली. "तू का नाही उठलास?"

"मी?" तो गांगरला. "मला वाटलं, मास्तर उठतील. वयाने मोठे आहेत."

मास्तर मागेच होते. "ठेकेदार देणार अशी माझी समजूत होती," ते पुटपुटले आणि गर्दीत नाहीसे झाले. तिने कॉलर सोडली. हात धुवावा असं तिला वाटलं.

दारात वकील बॅग छातीशी धरून उभा होता.

"अनुमोदनाचं मी कुणाला विचारलंच नाही," तो म्हणाला. "सगळेच तयार होते ना, त्यामुळे सुचलंच नाही."

"आता काय करणार?"

"आता सरकारला स्वतःच्या नावाने करावं लागेल. राजधानीत, भर सभागृहात, सगळ्यांदेखत." त्याने मानेवरून हात फिरवला. "केलं तर."

ती त्याला ओलांडून पुढे गेली. बाहेर अजून पुरता अंधार पडला नव्हता. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर भावजय बसली होती, ठकू तिच्या खांद्यावर मान टाकून झोपली होती. भावाचा कुठे पत्ता नव्हता. ती दोन पायऱ्या उतरली आणि भावजयीसमोर उभी राहिली.

"मी वाचलं," ती म्हणाली. "शब्दन् शब्द वाचला. कुणी उठलंच नाही, त्याला मी काय करू?"

"उठणार नव्हतंच कुणी."

"म्हणजे?"

"सगळे आमच्या घरी येऊन गेले होते. औषधवाले, मास्तर, ते चष्म्याचे." भावजयीने ठकूच्या कपाळावरची बट मागे सारली. "आल्या आल्या आधी दार लावून घ्यायचे. तुम्हीच सांगा ताईंना, म्हणायचे, तुमचं ऐकतील, फक्त आमचं नाव घेऊ नका. माझ्या घरात दार लावून बोलणारा माणूस एवढ्या लोकांसमोर नाव सांगणार होता का?"

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "तुला माहीत होतं, आणि तरी दुकानात येऊन..."

"हो."

"मग मला वाचायला कशाला लावलंस गं? जीव गेला माझा ते वाचताना! थुंकले माझ्यावर!"

"तुमच्या भावाला ऐकायचं होतं," भावजय म्हणाली. "माझी बहीण माझ्या पोरीसाठीसुद्धा आपला ठराव सोडत नाही, हे डोक्यात घेऊन बसले होते. आज ऐकलं त्यांनी. डोळे पुसत खाली उतरले, मला दिसू नये म्हणून आधी निघून गेले. उद्या-परवा येतील दुकानात. तुम्ही काही विचारू नका."

"आणि भट्टी?"

"भट्टी उघडावी असं मी कधी म्हटलं? ठराव काढा म्हटलं." तिने पहिल्यांदाच आवाज चढवला आणि झोपलेल्या मुलीमुळे लगेच खाली आणला. "पुन्हा त्या कपड्यांनी त्यांना घरात येऊ देईन मी? पण हे मी तोंडाने बोलले असते तर संसार मोडला असता माझा."

सभागृहातून अजून घोषणा ऐकू येत होत्या. आपल्याला सरकारने फसवलं नाही, नगरसेवकांनी नाही, या खालमानेच्या पोरीने चांगलं कोपऱ्यात घेऊन फसवलं, हे तिला आत कुठेतरी उमगत चाललं होतं. तिचे कान पुन्हा तापले.

"सलाईनचं काय?" तिने विचारलं.

"उद्या सकाळी सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन बसणार आहे. मिळेपर्यंत उठत नाही. येता का?"

"येते," ती म्हणाली. "पण त्याआधी मला थोडा वेळ तुझ्यावर रागावू दे."

"रागवा," भावजय म्हणाली, आणि ठकूला सावरत पायरीवर बाजूला सरकून तिने जागा करून दिली.